सांडलेलं पाणी

“पण पाणीच नाही, तर लोक इथे राहतात तरी कशाला, बाबा?”

मी सोहननाथबाबांना विचारलं. ते बेरीच्या तोंडाशी बसून दोर गुंडाळत होते.

बेरी म्हणजे माणूस जेमतेम उतरेल एवढी अरुंद विहीर. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी तिच्या तळाशी थेंब थेंब पाझरतं. दिवसभरात दोन-तीन घडे. तोंडावर लाकडी झाकण, झाकणाला कुलूप, आणि किल्ली बाबांच्या गळ्यात.

बाबा नाथपंथी जोगी. बारा वर्षं त्र्यंबकेश्वरला राहून राजस्थानातल्या आपल्या खारोडी गावी परतलेले. या भागात मराठी येणारे तेवढेच, असं मी उतरले होते त्या धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने सांगितलं, म्हणून मी त्यांच्याकडे आले होते.

“काम काय करतेस?” त्यांनी विचारलं.

“घरबसल्या ऑफिसांना मदत करते. पत्रं, बैठकांच्या तारखा, लेख... मी साताऱ्यात, ऑफिस कुठेतरी लांब. आमची संस्था पर्यावरण जपणारी आहे, बाबा. कागद नाही, छपाई नाही, जाणंयेणं नाही. पेट्रोलचा थेंबसुद्धा नाही.”

“आणि इथवर कशी आलीस?”

“...रेल्वेने. मग बसने. शेवटी जीप केली.”

“बरं,” बाबा म्हणाले.

मग मला सगळं सांगावंच लागलं. एका गिऱ्हाइकाला राजस्थानची ओळख करून देणारा चार पानांचा लेख हवा होता. तो मी साताऱ्यात बसून लिहिला. परत आला. शेरा एकाच ओळीचा होता: ‘हे कुठल्याही वाळवंटाबद्दल खरं आहे.’ आमच्या संस्थेच्या शाल्मली मॅडम म्हणाल्या, शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत सुधारून दे. नाहीतर सोमवारपासून तुझ्या जागी दुसरी मुलगी.

आज शनिवार होता. पाच वाजून गेले होते.

“तुमचं एखादं वचन मिळालं, तर शेवटी घालता येईल,” मी म्हटलं.

“शेवट राहू दे. सुरुवात वाच.”

मी लॅपटॉप उघडला. “‘राजस्थान म्हणजे पाणी नसलेला प्रदेश...’”

बाबा पुढे काही बोलतील म्हणून मी थांबले.

तेवढ्यात बेरीवरची कप्पी करकरली. मी अशी दचकले, की लॅपटॉप मांडीवरून घसरला. मागे हीरांबाई उभी होती, शेजारच्या घरातली. संध्याकाळी बेरी उघडते तेव्हा पाणी ओढायला तीच येते. दोर हातात धरून ती खदखदून हसली.

आज बाबांच्या वाट्याला अर्धा घडा आला. पाहुण्याला आधी, अशी तिथली रीत. बाबांनी माझ्या हातात पितळी पेला दिला आणि घडा तिरका केला.

“आमच्याकडे काही म्हणजे काहीच वाया जात नाही,” मी सांगतच होते. “फोनवर बैठक असली, तर कॅमेरासुद्धा बंद ठेवतो. तेवढीच वीज वाचते. थांबा, बाबा, एवढं बास.”

पाव पेला झाला होता. मी तो गोल फिरवून विसळला, पाणी बाजूला वाळूवर टाकलं आणि पेला पुन्हा पुढे धरला.

बाबांनी घडा सरळ केला.

हीरांबाईचा हात दोरावर होता तिथेच राहिला... मग ती मारवाडीत काहीतरी म्हणाली.

“काय म्हणाल्या त्या?”

बाबांनी जसंच्या तसं सांगितलं. “म्हणते, तुमच्या मुलखात पेल्यांनाही तहान लागते का?”

माझे कान तापले.

बाबा उठले. पाणी पडलं होतं तिथे गुडघे टेकून बसले. ओली वाळू वरून कोरडी पडू लागली होती. त्यांनी ती दोन्ही ओंजळींत अलगद उचलली, खालची ओल संपेपर्यंत उचलली, आणि कुडाच्या आडोशाला नेली. तिथे खेजडीचं, म्हणजे आपल्याकडच्या शमीचं, वीतभर रोप होतं. त्याच्या बुडाशी बोटाने खळगा केला. ओली वाळू आत दाबली. वर कोरडी पसरली, उन्हाने ओल उडू नये म्हणून.

परत येऊन त्यांनी माझा पेला भरला. काठोकाठ.

मी प्यायले. दोन्ही हातांनी पेला धरून, थेंबही न सांडता.

“चुकलं, बाबा. लहानपणापासूनची सवय...”

“मलाही लागली होती. त्र्यंबकला.”

हीरांबाईने घडा डोक्यावर घेतला. जाताना तिने रोपाला वळसा घातला.

“ते पहिलं वाक्य पुन्हा वाच,” बाबा म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. वाक्य समोर होतं. तोंडातून निघेना.

पुढचं पाहिलं. ‘ओसाड.’ ‘रखरखीत.’ ‘जिथे काहीच उगवत नाही.’ चारही पानं तशीच...

मी ती पुसली. पडदा पांढरा. साडेसहा वाजत आले होते.

मग एक वाक्य लिहिलं. बाबांना वाचून दाखवलं.

“‘खारोडीत सांडलेलं पाणी उचलून झाडाला देतात.’”

बाबांनी ऐकलं. बेरीवर झाकण ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली पुन्हा गळ्यात अडकवली.

“रेंज कुठे मिळते इथे?” मी विचारलं.

त्यांनी समोरच्या वाळूच्या टेकाडाकडे हात केला.

मी उठले. चार पावलं गेले आणि थांबले.

“बाबा, चार पानं हवी आहेत त्यांना. माझ्याकडे आता एकच वाक्य आहे. एवढंच घेऊन गेले, तर काम जाईल माझं...”

बाबा पेला वाळूने घासत होते. मान वर न करता म्हणाले,

“चढताना ते सांडू नकोस.”