साळूबाईचे काटे

डोंगर अजून एकमेकांशी बोलत होते, तेव्हाची ही गोष्ट. करवंदीच्या रानात साळूबाई नावाची साळिंदर तीनदा सरपंच म्हणून निवडून आली होती. कुणाचं हद्दीवरून भांडण जुंपलं की ती निवाडा करायची आणि आपल्या पाठीवरचा एक काटा उपटून हद्दीवर रोवायची. रानाची रीतच होती तशी.

आता ती म्हातारी झाली. नवे काटे उगवेनात, आणि उघड्या पाठीनं कंद उकरायला जावं तर बिबट्याचं भय. दोन दिवस ती बिळात उपाशीच बसली. शेवटी लाज गिळून कोठारापाशी आली. राबून थकलेल्यांना तिथून रोजचा वाटा मिळायचा.

कोठार सांभाळणारी घूस म्हणाली, "साळूबाई, हा वाटा राबणाऱ्यांचा. तुम्ही तर मानाच्या दगडावर बसायचात. मतं मागायलाही स्वतःच हात जोडून आला होतात ना?"

"आले होते गं बाई," साळूबाई हसली. "खरं आहे तुझं. राहू दे वाटा. माझे काटे तेवढे परत घेते, म्हणजे माझं मी उकरून खाईन."

कोठार आणि उंदरांची बिळं यांच्या मधला काटा सगळ्यांत जवळ होता. तिनं तो दातांत धरला. पलीकडे एकेक उंदीर बिळाबाहेर येऊन कान टवकारून बसला.

घूस दोन रताळी पोटाशी धरून धापा टाकत आली. "अहो, असू दे तो तिथंच! मऊ बघून आणलीत. आणि उद्यापासून तुम्ही येऊ नका, मीच आणून देत जाईन."