शेवंता, ठिपकी आणि निळी चमक

पेरूच्या बागेपलीकडे, एका चिमुकल्या टेकडीच्या कुशीत शेवंता नावाची मुलगी राहायची. तिच्या घराला दार होतं, पण दाराला कडी नव्हती. चूल होती, पण चुलीवर रोज काही चढेलच असं नव्हतं. दिवाळीआधीपासून तिची आई तापाने अंथरुणाला खिळली होती. वैद्यबुवा म्हणाले होते, "रोज एक अंडं पोटात गेलं, तर उभी राहील."

घरात कोंबड्या तीन होत्या. त्यातल्या दोन म्हाताऱ्या, नुसत्या अंगणात मिरवायच्या. अंडं द्यायची ती एकटी ठिपकी. तपकिरी पिसांवर पांढरे पांढरे ठिपके, लालचुटुक तुरा आणि स्वभाव महाखादाड! शेवंताचा तिच्यावर फार जीव होता.

पण ठिपकीला घालायला घरात दाणा उरला नव्हता.

त्या वाडीची एक रीत होती. दिवाळीचा फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यात जपायचा आणि लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं सगळं कोंबड्यांना घालायचं. अन्न टाकायचं नाही ना! म्हणून त्या दुपारी शेवंता टोपली घेऊन घरोघर गेली. कोणी लग्नाच्या जेवणातला भात दिला, कोणी लाल भोपळ्याच्या साली दिल्या. शेजारच्या भीमाकाकूंनी तर आपल्या कोंबड्यांपुरतं ठेवून बाकीचे डबेच्या डबे उपडे केले. खारट चिवडा, कच्चे वाल आणि हिरवी लव आलेले सहा लाडू.

"काकू, याला बुरशी आलीय," शेवंता म्हणाली.

"अगं, कोंबडीला खडे पचतात! घेऊन जा," काकू म्हणाल्या.

शेवंताला खरंच वाटलं. तिने टोपली ओट्यावर ठेवली आणि कळशी घेऊन बागेतल्या झऱ्यावर गेली.

बागेत पिवळं ऊन सांडलं होतं. पानापानांवर सोनेरी ठिपके नाचत होते. तेवढ्यात पेरूच्या फांदीवरून बारीकसा आवाज आला, "सोडव गं मला!"

कोळ्याच्या जाळ्यात एक इवलीशी परी अडकली होती. अंगठ्याएवढी! तिचे पंख लिंबाच्या रंगाचे, कडेला गुलाबी झालर. शेवंताने हलक्या हाताने एकेक धागा सोडवला, खाली पडलेली करवंटी धुतली आणि तिच्यात घोटभर पाणी भरून परीपुढे धरलं.

पाणी पिऊन परीचे पंख झुळझुळले. ती म्हणाली, "एक इच्छा माग, सोनुली. फक्त एक. पण दोन नियम आहेत. सूर्य टेकडीआड जायच्या आत मागायची. आणि जे तुझ्या हातापायांना जमेल, ते मागायचं नाही. मागितलंस तर इच्छा वाया जाईल."

मग परीने नाक मुरडलं. "तुझ्या बोटांना बुरशीचा वास येतोय. काय हाताळलंस?"

शेवंताने टोपलीतलं सगळं सांगितलं, तशी परीचा चेहरा उतरला. "बुरशीचे लाडू? कोंबडीच्या जिवावर बेततं ते! फार मीठही तिला सोसत नाही. कच्चे वाल तर विषासारखे. साधा ताजा भात दे, भाजीच्या साली दे, त्याही थोड्याच. शेजारी स्वच्छ पाणी ठेव."

शेवंताने वळून घराकडे पाहिलं. टोपली ओट्यावर! आणि आई तर कोंबड्यांची कणव येऊन उठली असेल! ती घाईने म्हणाली, "परीताई, माझी इच्छा आहे की ती टोप..."

आणि तिने जीभ चावली. पळायला पाय होते की तिला!

कळशी तिथेच टाकून ती सुसाट पळाली. काटे टोचले, ठेच लागली, पण ती थांबली नाही.

अंगणात पोचली तर काय, आई भिंतीला धरून उभी, हातात टोपली आणि ठिपकीच्या चोचीत हिरवागार लाडू!

"आई, नको!" शेवंताने झडप घालून तो तुकडा ओढून काढला. दोन्ही म्हाताऱ्या कोंबड्यांना डालग्याखाली कोंडलं. भराभर टोपली निवडली. भात आणि साली एकीकडे, बाकी सगळं दुसरीकडे.

"अगं, देवाचं अन्न टाकायचं?" आई कळवळून म्हणाली.

"टाकायचं नाही, आई. खड्ड्यात पुरायचं, भोपळ्याच्या वेलाखाली. मातीलाही भूक असतेच की."

पण ठिपकीने थोडा लाडू गिळलाच होता. ती पिसं फुलवून कोपऱ्यात बसली. डोळे अर्धे मिटलेले. शेवंताने तिच्यापुढे स्वच्छ पाणी ठेवलं, पण ती पाण्याकडे बघेना.

सूर्य टेकडीच्या खांद्यावर टेकला होता. परी भिंतीवर येऊन बसली. "माग लवकर," ती हळूच म्हणाली. "ठिपकीला बरं करणं काही तुझ्या हातात नाही."

शेवंताने तोंड उघडलं आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "या गं या, क्को क्को क्को!" भीमाकाकू कोंबड्यांना बोलावत होत्या. त्यांच्यापलीकडे आणखी एक घर, त्याच्यापलीकडे आणखी एक. सगळ्या वाडीत टोपल्या निघाल्या होत्या!

"काकू, घालू नका! मरतील त्या!" शेवंता जिवाच्या आकांताने ओरडली.

"चल गं, आम्हाला शिकवतेस?" काकू हसल्या.

ओरडून झालं. घरोघर पळायला वेळ नव्हता. सूर्याची नुसती केशरी कड उरली होती. शेवंताने ठिपकीकडे पाहिलं, मग आईच्या सुकलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला रडू कोसळलं. रडत रडतच ती म्हणाली, "परीताई, वाडीतल्या कोंबड्यांना जे जे बाधेल, ते ते निळं चमकू दे. सगळ्यांना दिसू दे!"

आणि झगमग झगमग! प्रत्येक टोपलीत निळ्या चांदण्या पेटल्या. लाडू निळे, वाल निळे, चिवड्याचा कण न् कण निळा. भात मात्र पांढराशुभ्र राहिला. काकूंची मूठ हवेतच थांबली. "अगं बाई, हे काय गं! पोरगी खरं सांगत होती!" त्या पुटपुटल्या आणि घाईघाईने टोपली मागे घेतली.

सूर्य बुडाला. इच्छा संपली. शेवंता ठिपकीला कुशीत घेऊन बसून राहिली. आईने लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळाने कुशीत काहीतरी हललं. ठिपकीने मान लांब केली. पाण्यात एकदा चोच बुडवली, मग पुन्हा बुडवली. मग सगळं अंग झाडून ती चक्क भातावर तुटून पडली!

"परीताई, तुम्ही केलंत?"

"छे गं! माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं. तू पळत आलीस, तिच्या पोटात एवढंसंच गेलं, म्हणून ती वाचली." परीने मागून काहीतरी पुढे केलं. बागेतली करवंटी! "तुमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत ना? हे घे."

करवंटीत मोत्यासारखी टपोरी ज्वारी होती. "रोज मूठभर घाल. मूठभरच हं, हावरटपणा नको. मग ती सरायची नाही."

परीचे पंख उजळले. आधी लिंबासारखे, मग गुलाबी, मग नुसताच लख्ख उजेड. अंगण क्षणभर दिवाळीसारखं झालं आणि त्या उजेडात परी विरून गेली.

सकाळी करवंटीशेजारी एक अंडं होतं, अजून ऊन ऊन. शेवंता ते उचलायला वाकली, तर आई म्हणाली, "राहू दे, आज मी उकडते." आणि भिंतीला न धरता ती चुलीपाशी जाऊन उभी राहिली.