गाळलेल्या पाण्यातल्या तिसऱ्या

"हौदातली रेती उपसायला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं! राजवाड्याच्या दिवाणखान्यात चिखल चालायचा नाही."

काळ कुठला ते विचारू नका, फार जुना. डोंगरावरच्या एका राज्यात हे सासू-सुनेचं भांडण सकाळपासून पेटलं होतं. सून दर्याकाठच्या राजाची लेक. लग्नात तिनं दागिन्यांपेक्षा जपून आणला तो काचेचा हौद. तळाशी रेती, वर समुद्राचं गढूळ पाणी आणि रेतीत रुतून बसलेल्या जिवंत तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या. खारं पाणी घागरी भरभरून बैलगाडीनं यायचं.

सासू, म्हणजे राजमाता, भारी टापटिपीची. तिला धूळ दिसली की दासींची धावपळ. तिनं रेती परसात फेकवली, काच घासवली, पाणी मलमलीतून गाळवलं. शिंपल्या कशा लखलखीत दिसू लागल्या! आणि एकेक करत तोंड वासून मरू लागल्या.

"स्वच्छ पाणी बाधतं होय कुणाला?" राजमाता कडाडली. "कालवणात घालायच्या वस्तू, त्यांना मखरात बसवलंस!"

"आईसाहेब, आता एकच उरलीय. ती गेली की मीही माहेरी चालले."

राजमाता चपापली. शिंपलीपायी लेकाचा संसार मोडायचा? पण हट्ट सोडेल ती सासू कसली! "कर तुला काय करायचं ते," म्हणाली, आणि तिथंच ठाण मांडून बसली.

सुनेनं परसातली रेती ओंजळीनं आणून हौदात पसरली, न गाळलेलं पाणी ओतलं. शिंपली बराच वेळ निपचित. मग तिच्यातून पांढरी जीभ निघाली, रेतीत घुसली, आणि बघता बघता अख्खी शिंपली दिसेनाशी झाली. वर राहिल्या दोन बारीक नळ्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्याभोवतीचं पाणी निवळू लागलं.

"गढूळपणाच खाते ही?"

"तेच तिचं अन्न."

राजमातेनं सुनेकडे नीट पाहिलं. गालफडं बसलेली. चांदीच्या ताटात रोज दूधभात; सुकी मासळी बंद, माहेरची बोली बंद. हेही तिनंच गाळलं होतं. तरी पुटपुटली, "अगं, पण मी चांगल्यासाठीच केलं ना?"

त्यावर सून बोलली आणि भांडण मिटलं. दुसऱ्याच दिवशी रेतीची गाडी घाट चढली. मुदपाकखान्यात सुक्या बोंबलाचं कालवण रटरटलं, आणि नाकाला पदर लावून का होईना, राजमाता सुनेच्या शेजारी पंगतीला बसली. सून एवढंच म्हणाली होती,

"आईसाहेब, जीव पाळायचा तर आपल्याला शोभेल ते नव्हे, त्याला मानवेल ते द्यावं."