जांभळाभोवती बांधलेलं घर

अगं ऐक ना, आधी ते हेडफोन काढ! परवाच ऐकलंय आणि तेव्हापासून मला कुणाला तरी सांगायचंय. गोष्टीसारखंच सांगते, मध्ये बोलू नकोस हं.

तर एका दाट जंगलात एक घर होतं. आणि घर म्हणजे काय घर, यार! बांधणाऱ्याला मध्ये उभं असलेलं जांभळाचं झाड तोडवेना, म्हणून त्यानं ओसरी त्या झाडाभोवतीच बांधली. खोड ओसरीतून वर जातं, कौलांमधून बाहेर पडतं आणि मग छपरावर फांद्या पसरतात. उतारावरचं घर, त्यामुळे कुठलीच खोली दुसरीच्या पातळीत नाही. स्वयंपाकघरात जायचं तर दोन पायऱ्या उतरायच्या, परत यायचं तर चढायच्या. एक खिडकी तर इतकी खाली, की जमिनीवर बसलं तरच जंगल दिसतं.

या घरात एक म्हातारा आणि एक म्हातारी राहायचे. म्हातारी दमली होती. आजारी नाही गं, नुसती दमली होती. विहीर उताराच्या तळाशी. झाडाचा पाला रोज ओसरीत. मे महिन्यात तर जांभळं टपटप पडणार, सारवलेली जमीन जांभळी होणार आणि ही कंबरेवर हात ठेवून ती पुसणार. रात्री आडवी झाली तरी तिला पायऱ्याच दिसायच्या.

तिची बहीण तालुक्याला राहायची. तिनं निरोप धाडला, "माझ्या शेजारची खोली रिकामी आहे. घरात नळ आहे. पावसाआधी आलीस तर तुझी, नाहीतर भाडेकरू ठेवते."

म्हणून म्हाताऱ्यानं फाट्यावर पाटी लावली, 'घर विकणे आहे'. आणि झालं काय, की कुणीतरी त्या झाडवाल्या ओसरीचा व्हिडिओ टाकला. संपलंच! दर रविवारी गाड्याच गाड्या.

म्हातारा खूश. त्याला माणसांची भारी हौस. "घर बघायला आलेत, उपाशी कसं पाठवायचं?" म्हणायचा. मग म्हातारी उठायची, पाणी आणायची, चूल पेटवायची, भाकऱ्या थापायची, झुणका टाकायची. लोक झाडाला टेकून फोटो काढायचे, जांभळं खाऊन एकमेकांना जिभा दाखवायचे, "काका, स्वर्ग आहे हो स्वर्ग!" म्हणायचे आणि संध्याकाळी निघून जायचे. मागे उरायची खरकटी ताटं.

"अहो," म्हातारी एकदा म्हणाली, "यातलं घर कोण घेणार आहे?"

"घेतील गं. किती कौतुक करतात बघ."

"सगळ्यांना मी जेवू घालून पाठवते. मला कोण पाठवणार?"

 

मग आला मेचा शेवटचा रविवार. आभाळ भरून आलेलं. एक जीप आली. पुढे गॉगलवाला दादा, शेजारी त्याची बायको, मागे दोघं मित्र. आणि एक पन्नाशीची बाई. ती त्यांच्यातली नव्हती. एसटीनं फाट्यावर उतरली होती, तिलाही हेच घर बघायचं होतं, म्हणून त्यांनी तिला बसवून घेतलं.

म्हातारी पायरीवर बसलेली. म्हाताऱ्यानं नेहमीसारखी हाक मारली, "अगं, पाहुणे आले!"

तिनं उठायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण पायच उठेनात. मग ती तिथूनच म्हणाली, "बाळांनो, तुम्ही घर घ्यायला आलात ना? मग आज घर तुम्हीच चालवून बघा. कळशी कट्ट्यावर पालथी आहे, पाणी विहिरीत आहे, लाकडं मागं आहेत, तांदूळ डब्यात आहेत. आज मी पाहुणी."

म्हाताऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं असणार! लाजेनं त्याला जमिनीत जावंसं वाटलं.

दादा हसला. "काय काकू, आमच्याच वेळी झुणका संपला का? व्हिडिओत तर सगळ्यांना वाढताय!"

"झुणका नाही संपला बाळा, मी संपले."

"चला रे, हायवेवर ढाबा आहे," दादा मित्रांना म्हणाला. "घर मस्त आहे, पण माणसं बघा कशी."

"फोटो तरी काढू की," त्याची बायको म्हणाली. मग त्यांनी झाडाबरोबर फोटो काढले, ओसरीत बिया थुंकल्या आणि गाडीत बसले. "ताई, येताय ना?" दादानं त्या बाईला विचारलं. "संध्याकाळपर्यंत इथून गाडी मिळणार नाही हं."

बाईनं एकदा जीपकडे बघितलं, एकदा पायरीवरच्या म्हातारीकडे. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाली.

जीप गेली. बाईनं पदर खोचला, कळशी उचलली आणि उतारानं खाली गेली. बऱ्याच वेळानं धापा टाकत वर आली. निम्मं पाणी वाटेतच सांडलेलं.

"ही चढण तुम्ही रोज चढता?"

"रोज."

तिनं चूल पेटवली. डोळ्यांत धूर, भात खाली लागलेला. मध्येच बाहेर येऊन बिया झाडून काढल्या. आणि सारखं काही ना काही विचारत होती. माकडं कौलं फोडतात का? सरपण कुठून आणता? आजारी पडलं तर गाडी कुठवर येते?

म्हातारा म्हातारीच्या कानाशी लागला. "ही नुसती नावंच ठेवतेय. ही कसली घेतेय! गेला हाही रविवार."

तेवढ्यात बाई झाडाच्या खोडापाशी थांबली. जिथं ते कौलांतून बाहेर जातं, तिथं तिनं मान वर करून बघितलं. "पावसात या खोडावरून पाणी आत येत असेल ना?"

"छे छे!" म्हातारा घाईघाईनं म्हणाला. "थेंब नाही येत."

बाईनं म्हातारीकडे बघितलं. आता बघ, खोली जाणार होती, पाऊस डोक्यावर आला होता. एक 'नाही' म्हणायचं होतं, बस. पण म्हातारीत खोटं सांभाळण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

"येतं," ती म्हणाली. "दोन पातेली लावावी लागतात. दरवर्षी तिथली कौलं नव्यानं बसवायची, आणि वर चढायला माणूस मिळत नाही."

म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला.

"जोराचा पाऊस असला तरी दोनच?" बाईनं विचारलं.

"मग तीन."

बाईनं मान डोलावली आणि पानं वाढायला गेली. म्हातारीच्या हातात तिनं गरम वरणभाताचं ताट दिलं. किती वर्षांनी कुणीतरी तिला बसल्या जागी वाढलं होतं, देव जाणे! म्हातारीनं पहिला घास घेतला. "मीठ कमी आहे," म्हणाली, आणि परत भात मागून घेतला.

जेवण झाल्यावर बाई म्हणाली, "काका, जायच्या आधी मला कौलं बसवायला शिकवाल? मी घेते हे घर."

म्हाताऱ्याला खरंच वाटेना. "अहो, पण तुम्ही तर आल्यापासून नावंच ठेवताय!"

"राहायचं तर मलाच आहे ना," बाई म्हणाली. "विचारायला नको?"

मग मृगाच्या आधी म्हातारी म्हाताऱ्याला घेऊन बहिणीशेजारच्या खोलीत गेली. म्हणे, पहिले कितीतरी दिवस ती नुसती झोपली. उठायची, नळ सोडून बघायची, परत झोपायची.

आणि ऐक, पुढची गंमत. जीपवाल्या दादाचा त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला होता. "काका, आम्हाला घर फायनल करायचंय. आम्ही खरंच सिरियस होतो हो!"

फोन म्हातारीनं घेतला. "असाल बाळा," ती म्हणाली. "पण तुम्ही जेवायला गेलात, आणि ती पाण्याला गेली."

तर याचं तात्पर्य काय काढायचं, तर हे: जो नुसतं कौतुक करतो तो पाहुणा असतो, आणि पाहुणा संध्याकाळी जातोच. जो कळशी उचलतो आणि छप्पर कुठं गळतं ते विचारतो, घर त्याचं होतं.

आता खरं सांग हं, भुकेची वेळ, आभाळ भरलेलं, जीप चालू आहे आणि पायरीवर बसलेली म्हातारी म्हणतेय, पाणी तूच आण. तू काय केलं असतंस?