राजवाड्याचं तळं

हिमशिखरांच्या पायथ्याशी रणधवल राजाचं राज्य होतं. डोंगरावरचा बर्फ मोजून उन्हाळ्यात नदीला किती पाणी येईल, ते इरावती सांगत असे. यंदा ती म्हणाली, "महाराज, बर्फ निम्माच आहे. लोकांना भात लावू देऊ नका."

राजाला भातावरचा जास्तीचा शेतसारा हवा होता. तो दरडावून म्हणाला, "पाणी भरपूर येणार, अशी दवंडी पिटव!"

"पिटवते. मग राजवाड्याचं तळं आजच गावांसाठी मोकळं करा. नदी ते पुन्हा भरेलच."

राजा दचकला. "आणि नाही भरलं तर?"

"लोकही हेच विचारतील, महाराज. त्यांच्याकडे तर तळंही नाही."

राजानं दवंडीवाल्याला बोलावून घेतलं. संध्याकाळी दवंडी फिरली, "यंदा पाणी कमी आहे, नाचणी पेरा. तीही सुकू लागली, तर राजवाड्याचं तळं तुमचंच आहे."