गुलाबराव रवंथ करीत नाहीत

अंजनगडच्या राजाच्या लाडक्या बैलाने चार दिवस रवंथ केला नव्हता, आणि त्यापायी राज्याचा सगळा कारभार अडून बसला होता.

बैलाचं नाव गुलाबराव. त्याला अरेतुरे करायची कुणाची छाती नव्हती. राजा भद्रसेन रोज दुपारी त्याला शेजारी उभा करून आपल्याच ताटातलं चारत असे. जिलेबी, श्रीखंड, बासुंदीत बुडवलेली पुरी. पहिला घास राजाचा, दुसरा गुलाबरावांचा. आता गुलाबरावांचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं होतं आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. राजवैद्य मधातून सुवर्णभस्म चाटवायला गेले, तर गुलाबरावांनी त्यांना उचलून शेणाच्या ढिगात बसवलं.

शेवटी धुळा मेंढपाळाला बोलावणं गेलं. रानातला पाला ओळखून जनावरं बरी करण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. धुळाने बैलाच्या पोटाला कान लावला, दोन थापट्या मारल्या आणि सरळ सांगून टाकलं, की जिलेबी बंद करा आणि डोंगरातलं किराईत चारा. किराईत म्हणजे असं कडू, की त्यावर कडुनिंब चघळला तर तोंड गोड व्हावं.

राजवाड्याच्या जिलेबीला नावं ठेवलेली राजाला कशी खपणार? त्याने तिथल्या तिथे फर्मान काढलं. उद्या दिवस मावळायच्या आत गुलाबरावांनी किराईत खाल्लं पाहिजे, पण आपल्या खुशीने. दावं ओढायचं नाही, जबडा उघडायचा नाही, नळीने पाजायचं नाही, गूळ तर लावायचाच नाही. जमलं नाही, तर धुळाला राजाच्या बागेतल्या मोटेला बैलाच्या जागी जुंपायचं.

धुळा घरी आला तो मान खाली घालूनच. त्याची मुलगी गजरा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने सगळी हकिगत ऐकून घेतली, आणि एकच गोष्ट पुन्हा विचारली.

“आबा, पहिला घास राजाचा असतो म्हणालात ना?”

“रोजचाच. त्याने खाल्ल्याबिगर बैल तोंड लावत नाही.”

“मग जेवा निवांत,” म्हणून तिने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गजरा किराइताची ओली पेंढी घेऊन राजवाड्यावर हजर झाली. तमाशा बघायला सगळा दरबार गोठ्यात लोटला होता. गजराने पेंढी पुढे केली. गुलाबरावांनी हुंगली, नाक फेंदारलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले. दरबारी हसू लागले. गजरा मात्र राजासमोर जाऊन हात जोडून उभी राहिली.

“महाराज, गुलाबराव रीत सोडायला तयार नाहीत. पहिला घास आपला झाल्याशिवाय ते खातील कसे?”

राजा चमकला. म्हणाला, हा पाला राजाने खायचा काय?

“बळजबरी नाही, महाराज. आपण नको म्हणालात, तर गुलाबरावांनीही नको म्हटलं असं धरू. पण मग धन्याचं बघून बैलाने नाकारलं, त्यात माझ्या आबांचा गुन्हा कोणता?”

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने छताकडे पाहिलं. अखेर राजाने एक काडी उचलून तोंडात टाकली.

त्याचे डोळे पांढरे झाले, मिशा ताठ उभ्या राहिल्या आणि काडी थेट राजवैद्यांच्या पगडीवर जाऊन पडली. ते बघून गुलाबरावांनीही मान फिरवली. गजराने अदबीने दुसरी काडी पुढे केली आणि सांगितलं, की आपलं तोंड वाकडं झालेलं त्यांना कळतं, तेवढं जरा हसतमुखाने घ्यावं.

मग अंजनगडच्या प्रजेने जे पाहिलं, ते पुन्हा कधी पाहायला मिळालं नाही. राजा किराईत चावत होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि “वा, वा, काय गोडी आहे,” असं तो बैलाच्या कानाशी म्हणत होता. गुलाबराव हळूच वळले. त्यांनी राजाचं तोंड निरखून पाहिलं, एक काडी घेतली, चावली, क्षणभर विचारात पडले आणि गिळून टाकली. राजाची एक, बैलाची एक, असं करत दुपारपर्यंत पेंढी संपली. मोठा वाटा अर्थात गुलाबरावांचाच होता. पण राजालाही काही कमी मिळालं नाही.

दिवस कलायला लागला तशी गुलाबरावांनी अशी काही ढेकर दिली, की छपरावरची कबुतरं उडाली. मग ते ऐसपैस खाली बसले आणि डोळे मिटून रवंथ करू लागले. दरबाराने जयजयकार केला. तेवढ्यात दुसरी ढेकर आली. सगळ्यांनी बैलाकडे पाहिलं. बैल तर शांत होता. राजाने हळूच तोंडावर शेला धरला.

गेले पंधरा दिवस राजाचंही पोट जड होतं, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. आज त्याला सपाटून भूक लागली होती. तरी हार कबूल करील तो भद्रसेन कसला! त्याने डोळे वटारून गजराला विचारलं, “जनावराचा पाला तू राजाला चारलास. राजाला आणि बैलाला एकच औषध असतं काय?”

“मला काय ठाऊक, महाराज?” गजरा म्हणाली. “आणि त्या झाडाला तरी कुठं कळतं, आपल्याला कोण चावतंय ते!”

राजा आधी गोरामोरा झाला. मग त्याच्या पोटातून हसू उसळलं, ते आवरेना. हसता हसता तो गुलाबरावांच्या पाठीवरच रेलला. धुळाला त्याने पागोटं बांधलं, गजराला दोन दुभत्या म्हशी दिल्या आणि किराइताचा तो सगळा डोंगर मेंढपाळांना पाला तोडायला कायमचा मोकळा करून टाकला. मग त्याने मुदपाकखान्यात सांगावा धाडला, की आज राजाच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि ताक वाढा, आणि लवकर वाढा.