धुरपदेची एक पाटी

तळ्याकाठची ती टेकडी दिसते ना, ती देवाने केलेली नाही. रागाने केलेली आहे. बसा, सांगते. मी इथली सून, पण चढताना मलाच धाप लागते, तेव्हा हसू नका.

पूर्वी हे तळं गाळाने बुजलेलं होतं म्हणे. दर अक्षय्य तृतीयेला खंडोजी पाटील नारळ हातात घेऊन शपथ घ्यायचा, "यंदा एका दिवसात तळं उपसू!" ढोल वाजायचे, कुदळीला हळदकुंकू लागायचं, दुपारी पुरणपोळी. पोळीनंतर कोण उपसतंय? सगळे आडवे. माझा व्यायाम दर सोमवारी असाच सुरू होतो, ते जाऊ द्या.

पाण्याला बाया खालच्या दरीत जायच्या. धुरपदेची लेक गोजरा, सात महिन्यांची पोटुशी, हंड्यासकट तिथेच घसरली. दोन जीव गेले.

तेराव्याला पाटील आला. म्हणाला, "धुरपे, रडू नको. येत्या तृतीयेला गोजराच्या नावानं तळं उपसू. पाटलाचा शब्द आहे."

धुरपदा रडत नव्हतीच. ती उठली, तळ्यात उतरली, एक पाटी गाळ भरला आणि काठावरच्याच पाटलाच्या वाड्याच्या दारात ओतला.

"हा तुझा शब्द. उद्या परत आणते."

आणि आणला. रोज. पाटलाने गड्यांना ढीग उचलायला सांगितलं, तर गडी म्हणाले, "उद्या उचलतो, मालक." मालकाकडूनच शिकलेले ना!

शेजारीण म्हणाली, "अगं, आज दोन टाक, लवकर होईल."

धुरपदा तिच्यावरच उसळली. "दोन टाकल्या की उद्या बसायला सबब मिळते. माझा राग रोजचा आहे, सणाचा नाही!"

अंगात ताप असो, पावसाळ्यात काठावरचा नुसता चिखल असो, पाटी चुकली नाही. एकोणीस वर्षं, असं सांगतात. ढीग छपराला टेकला, पाटील मागच्या दाराने ये-जा करू लागला. मग एका चैत्रात तळ्यात पाणी टिकलं. बायांनी धुरपदेचे पाय धरले. "आता पुरे गं, पाणी आलं."

"गोजरा आली का?" एवढंच म्हणाली, आणि पाटी उचलली.

ती गेली त्या दिवशी दारात गाळ पडला नाही. म्हातारा पाटील दुपारपर्यंत ढिगाकडे बघत उभा होता म्हणे. मग तिची पाटी घेऊन, कण्हत, तळ्यात उतरला, आणि आपल्याच दारात ओतली.

आजही आमच्या गावात तृतीयेला कुणी शपथ घेत नाही. ज्याला यायचं तो येतो, एक पाटी टेकडीवर टाकतो, जातो. दुसरी भरली तर गावातल्या म्हाताऱ्या बाया ती हातातून काढून घेतात.

फोटो झाले असतील तर ती पाटी घ्या. एकच. आणि "पुढच्या वेळी टाकतो" म्हणू नका. त्या शब्दावर आमच्याकडे अजून गाळ ओततात.